मारुतीपुढं बांधलेलं तोंड

सोमवार, १० नोव्हेंबर
पोरगा सौसरहून आला. पाय धुतले नाही, पाणी मागितलं नाही. एकदम, "माय, बाबाचं डोकं फिरलं. पानठेल्यावर लोक हसून राहिले मले." हेमराजले अब्रू मोठी. बाप लहान.
झालं एवढंच — काल दिवस बुडता बुढा संत्र्याच्या बागेत होता. म्हणते, सावरगावच्या अंगानं एक उजेड आला, गुळाच्या ढेपेएवढा. आवाज नाही. बागेवर थांबला अन् सरळ वर गेला. आज सकाळी पानठेल्यावर सांगून आला.
मी भाकरी टाकत होती, मी नाही पाहिला. पण माह्या पुंडलिकरावाले खोटं बोलणं जमतच नाही. मले जमते.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
आज बुढ्यानं दूधवाल्यालेही सांगितलं. चूप बसा म्हटलं तर म्हणे, "पाहिलं ते पाहिलं व."

शनिवार, १५ नोव्हेंबर
हेमराज बापाले जामसांवलीच्या मारुतीले घेऊन गेला. डोकं बिघडलेल्याले नेतात, तसं. मारुतीपुढं हातात नारळ देऊन शपथ घ्यायले लावली — उजेडाचं नाव पुन्हा काढणार नाही. सून सांगत होती, "मामाजीनं मान डोलावली. नारळ धरून उभे राहिले."
रात्री वरणात मुद्दाम मीठ नाही टाकलं. गुमान जेवला. एरवी घर डोक्यावर घेतलं असतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर
दारात हवाई दलाची गाडी! दोन साहेब, चौकशीले आले. तो उजेड त्यांच्या रडारवरही आलता. बोरगावच्या रस्त्यावरही लोकांनी पाहिला म्हणे. "बाबाजी, सबसे नजदीक से आपने देखा. किधर से आया?"
बुढ्यानं माह्याकडे पाहिलं. नाही म्हणून मान हलवली.
मी म्हटलं, "बोला ना, सरकार विचारून राहिलं."
"मारुतीपुढं कबूल केलं व."
डोळ्यात पाणी. स्वतःचा बाप मेला तवाही या माणसाच्या डोळ्यात मी पाणी नाही पाहिलं. साहेब भला. चहा घेतला, म्हणे घाई नाही, फोन करू. आज पानठेल्यावर कोणी हसलं नाही.
हेमराजले फोन लावला. "ज्यानं शपथ घातली त्यालेच नारळ फोडून सोडवावी लागते. ये."
"छुट्टी नाही माय. शनिवारी पाहतो."

गुरुवार, २० नोव्हेंबर
बुढ्याले ताप. दवाखान्यात चला म्हटलं तर बागेकडे तोंड करून निजला.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर
पहाटे गेला. तोंड उघडं राहिलं होतं. मी मिटवलं.
हेमराज आला. आज भेटली छुट्टी.

सोमवार, २४ नोव्हेंबर
हेमराज डोकं भादरून ओसरीवर बसून आहे. सकाळी माह्या पायाशी आला अन् रडाले लागला. "माय, मीही पाहिला होता. त्या सांजेले गाडीवर सौसरले जात होतो, बोरगावजवळ. लोक हसतील म्हणून नाही बोललो."
मी हात नाही ठेवला त्याच्या डोक्यावर.
फोन वाजून राहिला. साहेबाचाच असेल, बाबाजीले मागतील. उचल हेमराज. तूच सांग.