नावाचा रकाना

सोमवार, ३ जून

घरभेटी तेवीस, लोकांनी दिलेले प्रार्थना-विषय एकेचाळीस. मे महिन्यात माझ्याइतके विषय कुणीच आणले नाहीत, असं मोठ्या बाईंनी सकाळच्या भक्तीत सगळ्यांसमोर सांगितलं. टाळ्या! मी नम्र चेहरा केला. मिशनमध्ये येऊन सात महिने झाले, तो चेहरा आता चांगला जमतो.

खरं इथे लिहिते, कारण दुसरीकडे सोय नाही. एकेचाळीसपैकी प्रार्थना केली दोन विषयांसाठी, आणि त्यातला एक माझ्याच दाढेचा होता.

विश्वास उडालाय असंही नाही. तसं असतं तर निदान सांगण्यासारखं काही झालं असतं. सकाळी सहाला वही उघडते, गुडघ्यांवर बसते, "हे प्रभू" म्हणते — आणि कपडे वाळले असतील का, हा विचार सुरू होतो. मग घंटा होते आणि सगळे नाश्त्याला जातात.

बुधवार, ५ जून

नवीन घर मिळालं. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे आजोबा. चौतीस वर्षं वजनमाप निरीक्षक होते — दुकानादुकानांतून तराजू आणि वजनं खरी आहेत का ते बघायचे. निवृत्तीनंतरही पितळी वजनं टेबलावर ओळीने मांडलेली, रोज पुसलेली. शेजारच्या काकू त्यांना डबा देतात. म्हातारा दिवस दिवस कुणाशी बोलत नाही, असं त्यांनीच मिशनला कळवलं होतं.

माझ्याशी बोलले. आपण देव मानत नाही म्हणाले, चहा घेणार का म्हणाले, आणि मी किती साखर घालते ते बघत बसले. मला "मिशनवाल्या बाई" म्हणतात. मी बावीस वर्षांची आहे! निघताना नेहमीचं विचारलं, काही प्रार्थना-विषय? जरा वेळ वजनांकडे बघून म्हणाले, भावाचं पोटाचं ऑपरेशन आहे, वीस तारखेला.

लिहून घेतलं. वही मिशननेच छापलीय, तीन रकान्यांची: तारीख, विषय, उत्तर मिळाले. रोज प्रार्थना करीन असं तोंडभरून सांगितलं आणि जिना उतरले.

शुक्रवार, ७ जून

मोठ्या बाईंनी ऑफिसात बोलावलं. पूर्णवेळ सेवेची एकच जागा आहे, आणि ती मला द्यायची ठरलंय. तेवीस तारखेला रविवारी मंडळीसमोर साक्ष द्यायची — देवाने इथे मला काय शिकवलं ते — आणि लगेच नेमणुकीचं पत्र.

आईला फोन केला. ती रडली आणि मी फोन ठेवायच्या आत मावशीला सांगायला गेली. नर्सिंग अर्धवट सोडलं तेव्हा ती फक्त "बरं" म्हणाली होती. दुकानातली नोकरी गेली तेव्हाही "बरं". तिसरं "बरं" मला ऐकायचं नाही. ही जागा मला हवीय. फार हवीय.

बुधवार, १२ जून

आजोबांनी दारातच विचारलं, भावासाठी करतेस ना? रोज करते, म्हटलं. छान, म्हणाले आणि चहा ठेवला.

गुरुवार, १३ जून

केली नाही. कपडे वाळले होते.

सोमवार, १७ जून

आज पकडले गेले.

चहा झाल्यावर आजोबांनी पुन्हा तेच विचारलं. मी म्हटलं, रोज सकाळी सहाला, न चुकता. "न चुकता" कशाला घातलं कोण जाणे! त्यांनी एक लहानसं वजन उचललं, तळहातावर ठेवलं, परत जागेवर ठेवलं.

"बारा दिवस रोज ज्याच्यासाठी मागतेस, त्याचं नाव नाही विचारलंस."

मग म्हणाले, खोटं वजन ठेवणारा दुकानदार असाच बोलायचा, आम्ही आत शिरलो की. आवाज चढलेला नाही, चेहरा तोच.

"आणि मला भाऊ नाही."

पिशवी तिथेच विसरून आले.

मंगळवार, १८ जून

आधी राग आला. म्हणजे खोटं तेही बोलले! नसलेला भाऊ, नसलेलं ऑपरेशन, आणि वर माझीच तपासणी. त्यांनी मोठ्या बाईंना कळवलं तर रविवारचं सगळं मुसळ केरात. कळवतील का, हा विचार दिवसभर डोकं खात होता.

संध्याकाळी वहीची पानं मागे मागे चाळली. मुलाची परीक्षा. सासूचा दमा. नवरा परत यावा. दोनशेच्या वर विषय, आणि एकाही माणसाचं नाव नाही. छापणाऱ्यांनी रकानाच ठेवला नाही असं म्हणता येईल. पण समासात पुष्कळ जागा आहे.

मला लाज वाटली. बराच वेळ वाटत राहिली.

बुधवार, १९ जून

माफी मागायला गेले, निदान पिशवी तरी आणावी म्हणून. जिन्यात काकू भेटल्या. आजोबांना सकाळीच दवाखान्यात नेलं म्हणाल्या. उद्या ऑपरेशन आहे ना पोटाचं, तुला बोलले नाहीत?

भाऊ नव्हता. ऑपरेशन होतं.

गुरुवार, २० जून

सकाळी आठला पोचले. आजोबा खाटेवर, दाढी केलेली, एकदम लहान दिसत होते. मी म्हटलं, मी एक दिवससुद्धा केली नाही. माहीत आहे, म्हणाले. मी विचारलं, तुमचं नाव काय? त्यांनी सांगितलं, आडनावासकट, सरकारी अर्जावर लिहितात तसं. वहीत समासात लिहिलं. इथे लिहीत नाही.

मग म्हणाले, "आता कर. मी ऐकत नाही असं समज."

हात धरला. गार होता. त्यांचं नाव घेतलं आणि म्हटलं, यांना भीती वाटतेय, मलाही वाटतेय, तू इथेच थांब. पुढे काही सुचलं नाही. कपडे आठवले नाहीत. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला तेव्हा आमेन म्हणायचं राहून गेलं.

रविवार, २३ जून

आजोबा अजून शुद्धीवर नाहीत. त्यांनी कुणाला काही कळवलेलं नाही. मी गप्प बसले असते तर खपून गेलं असतं.

साक्ष चार वाक्यांत आटोपली. मी तुमच्याकडून दोनशेच्या वर विषय घेतले. रोज प्रार्थना करते असं सांगत राहिले. केल्या नाहीत. आता कराव्यात असं मनापासून वाटतं, पण मला कुणाचं नाव माहीत नाही.

टाळ्या नाहीत. मोठ्या बाई गीतांच्या पुस्तकात बघत होत्या. बाहेर चपला घालताना मुदपाकखान्यातल्या मावशी जवळ आल्या. सासूचा दमा हा विषय त्यांचाच. सासूचं नाव सांगितलं आणि मी नीट लिहितेय का ते बघत उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे आणखी सहाजण होते.

सोमवार, २४ जून

जागा दुसरीला. भेटी बंद. मला मुदपाकखान्यात टाकलंय. आईला सांगितलं. "बरं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, माझंही नाव लिहून ठेव म्हणाली.

वहीत बारा नावं झालीत. प्रार्थना संपता संपता घंटा होते, पहिला चहा बुडतो. मुदपाकखान्यातल्या मावशी बडबडतात आणि तो झाकून ठेवतात.

शुक्रवार, २८ जून

आजोबा काल दुपारी गेले. शुद्धीवर आलेच नाहीत. काकूंनी पिशवी आणून दिली.

आमच्यात गेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. माणूस गेला की, उत्तर मिळालं असो वा नसो, ओळीवर रेघ मारायची असा नियम आहे.

सकाळी सहाला वही उघडली. त्यांचं नाव पहिलं आहे. घेतलं.