साडू, मी आणि काळा गोल

४ जानेवारी
शूटिंग क्लब जॉइन केला. नेम माझ्या हातातच आहे, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. फक्त आजवर हातात काही आलं नव्हतं. कोच म्हणाला, नवीन माणसाने साधं एअर पिस्तूल घ्यावं. मी कपाटातलं गॅसवर चालणारं रिव्हॉल्वर उचललं. भारदस्त दिसतं. चाप जड आहे म्हणे. असू दे.

संध्याकाळी: टार्गेटचा कागद कोरा राहिला. कागद ज्या पुठ्ठ्यावर लावतात त्याला मात्र बरेच छर्रे लागले. म्हणजे दिशा बरोबर आहे.

११ जानेवारी
रिव्हॉल्वर सदोष आहे. चाप ओढला की नळी आपोआप खाली जाते. कोच म्हणतो, आधी अंगठ्याने घोडा मागे ओढा, मग चाप हलका होतो. हे पहिल्या दिवशी सांगायला काय झालं होतं? (सांगितलं होतं म्हणे.) तसं केलं. नळी तरी खाली. मग कोचने मला न सांगता रिव्हॉल्वरच्या चक्रातली काही छर्‍यांची घरं रिकामी ठेवली. रिकाम्या घराची पाळी आली, छर्रा सुटलाच नाही, तरी माझा हात झटक्याने खाली गेला. सगळ्यांनी पाहिलं. दोष रिव्हॉल्वरचा नाही, आवाजाच्या भीतीचा आहे, असं त्याचं मत. मी कुणाच्या बापाला घाबरत नाही. फसवून शिकवतात का कुठे?

१८ जानेवारी
एअर पिस्तूल घेतलं. (कोचच्या सांगण्यावरून नाही.) मागच्या साइटला, म्हणजे नेम धरायच्या खाचेला, स्क्रू असतो, तो फिरवला की नेम सरकतो. हे खरं विज्ञान. पहिला छर्रा डावीकडे गेला, स्क्रू फिरवला. दुसरा उजवीकडे गेला, उलटा फिरवला. तिसरा वर. सकाळभर हेच. शेवटी कोचने स्क्रूड्रायव्हर काढून घेतला. एका छर्‍यावरून साइट हलवू नका, आधी पाच एका जागी पडू द्या, म्हणाला. पाच एका जागी पडत असते तर मी साइटला हात कशाला लावला असता?

१ फेब्रुवारी
साडूला क्लब दाखवायला नेलं. साडू म्हणजे हिच्या मोठ्या बहिणीचा नवरा. सासरी त्याचं फार कौतुक. बल्ब बदलला तरी सासरेबुवा पाहुण्यांना सांगतात. म्हटलं, निदान हे एक क्षेत्र माझं आहे, ते त्याने डोळ्यांनी बघावं. त्याने गंमत म्हणून पिस्तूल हातात धरलं. काळ्या गोलात. परत काळ्या गोलात. नवख्याचं नशीब असतं. जाताना मेंबर होऊन गेला. कोणती दुर्बुद्धी झाली आणि त्याला नेलं!

८ फेब्रुवारी
संकल्प. १) चहा बंद, हात थरथरतो. २) रोज हात ताठ धरून वजन पेलायचं. ३) साडूच्या कागदाकडे बघायचं नाही.

९ फेब्रुवारी
चहा चालू. चहा नसल्यामुळेच थरथरत होता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये टेबलाच्या कडेला स्टेपलर धरून हात ताठ ठेवला. साहेबांना वाटलं, मी हात वर केलाय. गोडाऊनमधला स्टॉक मोजायचं काम कुणी अंगावर घेणार का, असं ते विचारत होते. सगळ्यांनी माझ्या उत्साहाचं कौतुक केलं.

१० फेब्रुवारी
घरी इस्त्री धरली. पायावर पडली. ही म्हणाली, तापलेली नव्हती ना? पायाची नाही, हिला फरशीची काळजी.

१ मार्च
बातमी. दुसर्‍या क्लबशी मॅच आहे, चौघांची टीम. तिघं ठरलेत. चौथी जागा मी किंवा साडू. पुढच्या रविवारी निवड. घरी, ऑफिसात, सासरी सांगून टाकलं की माझं जवळजवळ पक्कं आहे. सासरेबुवा म्हणाले, असं का? आणि मोठ्या जावयांचं काय?

मला मॅचचं एवढं नाही. पण एकदा, एकदाच, त्या घरात माझं नाव आधी निघावं. इथे कोण वाचतंय, म्हणून लिहिलं.

८ मार्च, सकाळी
झोप उत्तम. (लागली तेवढी.) आज साडूला पाणी पाजणार.

८ मार्च, दुपारी
काय झालं ते नीट लिहून काढतो, म्हणजे डोकं शांत होईल.

शेवटच्या कागदापर्यंत आमची बरोबरी. दोघांचे शेवटचे पाच-पाच छर्रे उरले. साडू माझ्या शेजारच्याच लेनमध्ये. कोच कानाशी येऊन म्हणाला, डोळे मिटा, हात उचला, डोळे उघडा. हात जिथे आपोआप जाईल तिथे शरीर खूष असतं. नेम हाताने ओढू नका, पाय सरकवा. आणि नजर नळीच्या टोकावरच्या पुढच्या साइटवर ठेवा, टार्गेट धूसर दिसलं पाहिजे.

आयुष्यात पहिल्यांदा त्याचं ऐकलं. डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. हात बरोब्बर एका काळ्या गोलावर होता! पाय सरकवायचीसुद्धा गरज नाही. हात थरथरला नाही, नळी खाली गेली नाही. पाचही छर्रे असे सुटले की सुटताना माझं मलाच कळत होतं, हे मधोमध. 

कागद दोरीवरून परत आले. माझा कोरा. साडूच्या कागदावर दहा भोकं.

माझा हात आपोआप शेजारच्या लेनकडे जातो. धूसर टार्गेटवर लेनचा नंबर कुठून दिसणार?

दहांपैकी पाच मधोमध, पाच इकडे तिकडे. साडू भला माणूस, लगेच म्हणाला की मधली भोकं माझी नाहीत, यांची आहेत. मीही ओरडून सांगितलं. कोचने नियम काढला. दुसर्‍याच्या कागदावर मारलेलं शून्य. आणि कोणतं भोक कुणाचं हे ठरवता येत नसेल, तर ज्याचा कागद, त्याला त्यातले सगळ्यात चांगले पाच.

साडू टीममध्ये. माझ्या पाच छर्‍यांवर.

१५ मार्च
सासरी जेवण. हॉलमध्ये तो कागद फ्रेम करून लावलाय. मधली पाच भोकं दारातूनसुद्धा दिसतात. फार सुंदर पडली आहेत. सासरेबुवांनी मला फ्रेमसमोर उभं केलं आणि म्हणाले, बघा, याला म्हणतात नेम.

साडूला राहवलं नाही. त्याने सगळ्यांसमोर स्पष्ट सांगितलं, ही भोकं माझी नाहीत, ह्यांची आहेत.  मी शर्टाची कॉलर नीट केली. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. सासरेबुवांनी साडूच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, किती मोठं मन! धाकट्याला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचं श्रेयसुद्धा देऊन टाकतो.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हिने मला कोपराने ढोसलं. मीही वाजवल्या.