अंजीर घनीमाचं, जमीन मुलाची

मी मेगदूदा, अक्लीची विधवा, राहणार इघिल ऊफेल्ला, हे मृत्युपत्र शुद्धीत लिहिते आहे. कुणाला शंका असेल तर माझ्याशी भांडून बघावं. शाळा दोन वर्षं झाली, म्हणून अक्षर असं.

घर आणि खालची जमीन कायद्याने मेझियानची, माझ्या मुलाची. तो फ्रान्सात असतो. मागे आला तेव्हा बॅगसुद्धा पुरती उघडली नाही. अंगणातल्या अंजिराकडे बघून म्हणाला, "आई, खोडातून भुसा गळतोय, सगळं पोखरलंय. तोडून टाकू, गाडी लावायला जागा होईल."
"गाडी तिकडे आणि जागा इकडे?" मी म्हटलं.

नणंदेला काही नाही. तांब्याचं पातेलं तिने नेलंच आहे. त्याचा तळ गेलेला होता.

आमच्याकडे जमीन एकाची आणि तिच्यावरचं झाड दुसऱ्याचं असू शकतं, हे मेझियान विसरला असेल. अंजीर माझं आहे, म्हणून ते मी शेजारच्या घनीमाला देते. इमामसाहेबांना विचारलं आहे, वारसाबाहेर मालमत्तेचा तिसरा हिस्सा देता येतो, त्यात हे बसतं. झाड जिचं, तिला अंगणाचं दार कुणी बंद करू शकत नाही. किल्ली तिच्याकडे राहील.

दर उन्हाळ्याच्या तोंडावर ती रानातल्या नर-अंजिरांची माळ आणून माझ्या झाडाला टांगते. त्यातली चिलटं माझ्या फळांत शिरली नाहीत तर ती कच्चीच गळतात. टांगताना बडबडते, "म्हातारे, मेलंय गं हे. तुझ्यासारखंच, पडायचं तेवढं विसरलंय."
"तोंड आवर, गाठ नीट मार."
मग कॉफी पिते आणि संध्याकाळच्या बांगेपर्यंत बसते. अंजिरं आता मूठभर येतात, तीही पाणचट. त्यांच्यासाठी मी माळ मागत नाही. एरवी ह्या दाराची कडी कुणी वाजवत नाही.

मी आहे तोवर झाडाला हात लावायचा नाही. मी गेले की घनीमाने ते त्याच हिवाळ्यात मुळाशी कापावं आणि लाकूड लगेच जाळावं. रचून ठेवलं तर त्यातून भुंगेरे निघून तिच्या झाडांना लागतील. करवत माझी घ्यावी, धार लावून. कापायच्या आधी विहिरीकडची फांदी तेवढी बघावी, तिला अजून भोक नाही. तिची काडी लावावी, पण स्वतःच्या अंगणात नाही, माझ्या. कोवळ्या रोपाला पाणी लागतं, रोज यावं लागेल.

मेझियान कधी आलाच तर त्याला दार ती उघडेल. त्याने चप्पल बाहेर काढावी.

साक्षीदार: इमाम सी लूनिस; रेझकी, पिठाच्या गिरणीवाला. घनीमाला मिळणार आहे म्हणून तिची सही चालत नाही. ती ओट्यावर बसून आहे.

मेगदूदा (सही)
इघिल ऊफेल्ला, ११ मार्च २०१९