चौदा दिवसांचा रेडिओ आणि ट्रंकेतली वाकळ

...आणि आक्का, "रेडिओवर चढून घरची धुणी धुतलीस" एवढं एकच वाक्य बोलून तू फोन ठेवलास आणि वर माझा नंबर ब्लॉक केलास, हे काय बरोबर न्हाय. भांडण दोघांनी करायचं असतंय. लहानपणी वडगावात तू मला मागाच्या खोलीत कोंडायचीस, बाहेरनं कडी लावायचीस आणि आतला काय बोलतोय ते मागाच्या आवाजात ऐकूच येत न्हाय म्हणायचीस, तसंच झालं हे. दाजींना फोन केला तर म्हणाले, "मला मधी घेऊ नको, मला ह्याच घरात जेवायचं हाय." पण फोन ब्लॉक होतो, पोस्टमन होत न्हाय. म्हणून किती वर्षांनी हातात पेन धरलाय. अक्षराला हसू नको, सातवी नापासाचं आहे.

पत्राचा रिवाज आधी उरकून टाकतो. तुझ्या पायावर डोकं, दाजींना रामराम, मावशींना साष्टांग नमस्कार (तुझ्या सासूच्या पाया पडताना माझी पाठ कायम आखडते, तरी पण साष्टांग), तुझ्या आरोहीला पापा. तुमच्या निपाणीत थंडी पडली असेल, मावशींचे गुडघे कसे आहेत ते कळव. (तोंड कसं आहे ते विचारत न्हाय, ते चांगलंच असणार.) मी खुशाल. केरळातल्या ह्या प्लायवूडच्या कारखान्यात सात महिने टिकलोय, हे आप्पांना सांगितलं तर त्यांना खरं वाटणार न्हाय. कोल्हापूरच्या फौंड्रीत दोन महिने, गोव्यात हॉटेलात चार, हुबळीला लॉरीवर अकरा दिवस. पायच थांबत न्हाय एका जागी. हे पत्र लिहिता लिहिता तीनदा उठून गेटापर्यंत जाऊन आलोय.

आता रेडिओचं मुळापासनं सांगतो. कारखान्याच्या मागं एक चर्च आहे. तिथल्या फादरना सगळे अच्चन म्हणतात, मी पण म्हणतो. नाताळच्या आधी अच्चननी चौदा दिवसांचा रेडिओ काढला. चौदाच दिवसांची परवानगी, शेवटच्या दिवशी तीनला बंद. आवाज जाणार दोन मैल. चर्चच्या छपरावर एक दांडी, खाली सामानाच्या खोलीत गाद्या लावून टेबल. गावातल्यांसाठी गाणी, रक्तदानाची माहिती, कुणाची शेळी हरवली ते, आणि बाहेरनं आलेल्या कामगारांसाठी रोज प्रत्येक भाषेत अर्धा तास. अच्चननी अर्जात "सात भाषा" असं लिहून टाकलेलं. सहा मिळाल्या. ओडिया, बंगाली, आसामी सगळ्यांना रांग लागलेली. सातवी शोधता शोधता कारखान्याच्या हजेरीत माझं नाव सापडलं. मी म्हटलं, "अच्चन, ह्या गावात मराठी मी एकटाच. मीच बोलायचं आणि मीच ऐकायचं काय?" अच्चन म्हणाले, "देव ऐकेल." अडीच ते तीन मशीनवरनं सुटका होत होती, त्यामुळं मी लगेच तयार झालो.

बटनांवर एक रिटायर मास्तर बसायचे. मास्तर बघितला की माझे हात आपोआप मागं जातात, तरी बसलो. पहिल्याच "नमस्कार"ला मशीनचा काटा लाल रेघेच्या पलीकडं जाऊन अडकला. मास्तरांनी कानावरचं काढलं आणि माझ्याकडं बघत बसले. आता वडगावच्या माणसाला हळू बोलायला कोण शिकवणार? चार माग चालू असताना मीठ मागायचं झालं तरी आपण ओरडूनच मागतो. बरं, ओरडून भागत न्हाय म्हणून हातानं पण सांगतो, धागा तुटला, कांडी संपली, च्या आण. मी रेडिओवर निम्मं बोलणं हातानंच करत होतो. दुसऱ्या दिवशी माईक टेबलाच्या त्या टोकाला आणि मी ह्या टोकाला, असं बसवलं. तिसऱ्या दिवशी मी बोलता बोलता उठून फेऱ्या मारल्या आणि पायात वायर अडकून ओडिया लोकांचं रेकॉर्ड केलेलं भजन बंद पाडलं.

खरी अडचण पुढंच होती. अच्चननी दिलेला कागद (साठवलेलं पाणी झाका, रक्त द्या, नाताळच्या जेवणाला सगळ्यांनी या) तीन मिनिटांत संपायचा. राहिली सत्तावीस मिनिटं. आक्का, बंद खोलीत सत्तावीस मिनिटं एका जागी बसून बघ. पहिले पाच दिवस मी आप्पांचे माग सांगितले, वडगावची मंगाईची जत्रा सांगितली, काकतीच्या चढाला दाजींची गाडी कशी बंद पडली आणि वरातीतल्या बायकांनी कशी ढकलली ते सांगितलं. सहाव्या दिवशी पोटातलं सगळं संपलं. तळाला एकच गोष्ट राहिलेली, ती वर आली.

ती तुला माहीत आहे. तुझ्या लग्नात सासूच्या मानाची साडी आप्पांनी दुकानातनं न्हाय आणली, स्वतः विणली. हिरवी, डाळिंबी काठाची. डोळ्याला दिसत नव्हतं तरी काठ दोनदा उसवून परत घातला. आणि मागच्या दिवाळीला मी निपाणीला आलतो तेव्हा बघतो तर त्या साडीचे तुकडे आरोहीच्या अंगावरच्या वाकळीत शिवलेले. गप बसलो. आप्पांना पण सांगितलं न्हाय. तेवढी अक्कल मला आहे. पण त्या खोलीत, देवाशिवाय कोणी ऐकत न्हाय म्हणून, वडगावच्या आवाजात मावशींचं नाव घेऊन सांगितलं की मालुबाई नावाच्या बाईनं माझ्या बापाच्या साडीचं चिंधूक केलं.

आता मला काय माहीत की बाजारात सोनं-चांदी गाळायचं दुकान आहे ते विट्याच्या परशरामचं? आपली गलाईची माणसं हिंदुस्थानात कुठल्या गावात न्हाईत? मला आठवायला पाहिजे होतं. त्याहून पुढचं म्हणजे त्याची बायको रुक्माबाई निपाणीची, तुमच्याच गल्लीतली, आणि ती पहिल्या दिवसापासनं भट्टीजवळ रेडिओ ठेवून माझं ऐकत होती. मराठी ऐकून तिला रडू यायचं म्हणे. सहाव्या दिवशी रडू थांबलं आणि तिनं मावशींना फोन लावला.

पुढचं तुला माहीत. मावशींनी वाकळ घडी घालून ट्रंकेत टाकली, कुलूप लावलं, किल्ली कमरेला. (नाटक तरी किती.) आणि आरोही त्या वाकळीशिवाय झोपत न्हाय, मग घरात कोणीच झोपत न्हाय, आणि तू माझ्यावर उखडलीस.

आठव्या दिवशी रुक्माबाई स्वतः चर्चमध्ये आली. डोक्यावर पदर, हातात गरम उलथनं घ्यायचं तेवढं राहिलं होतं. म्हणाली, "मष्णू तूच काय रं? आवाजावरनं वाटलं पैलवान असशील." मग खाली बसवून सांगितलं. मालुबाईनं ती साडी चार वर्षं सणावाराला नेसली. नेसून नेसून मऊ झाली. "अरं, बाळाच्या अंगाला नवं कापड कोण घालतं? घरातली सगळ्यात मऊ साडी शोधतात. तिच्या ट्रंकेत बारा साड्या हायत. तिनं हीच फाडली. फाडताना डोळ्याला पदर लावलेला मी बघितलाय, मी गेलते तेव्हा निपाणीला." मी उठून फेऱ्या मारायला लागलो. ती म्हणाली, "बस खाली, माझं झालं न्हाय अजून."

चौदाव्या दिवशी माफी मागायची ठरली. अच्चननी शेवटची पाच मिनिटं दिली. मी उभा राहिलो, हात जोडले आणि रीतीनं सुरुवात केली. मालुबाईंना नमस्कार, दाजींना, तुला, आप्पांना, रुक्माबाईंना, परशरामभाऊंना, अच्चनना, मास्तरांना, कारखान्याच्या मुकादमाला. मास्तरांना विसरलो असं वाटलं म्हणून परत एकदा मास्तरांना. मास्तरांनी घड्याळ दाखवलं, मला वाटलं नमस्कार स्वीकारला. तीन वाजले, रेडिओ बंद. रुक्माबाईनं निपाणीला कळवलं की सगळ्या गावाचं नाव घेतलं, माफी काय मागितली न्हाय. अच्चन मात्र खूश. त्यांच्या अहवालात मराठीपुढं लिहिलंय, श्रोते एक, प्रतिसाद शंभर टक्के.

म्हणून रेडिओवर राहिलेलं इथं लिहितो. मालुमावशी, माझं चुकलं. आप्पांच्या साडीला ह्याच्यापेक्षा मोठा मान कोणी दिला नसता. (एकदा आधी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, पण असू दे.) आरोहीची वाकळ ट्रंकेतनं काढा.

तुझा,
मष्णू

ता. क. मावशींना वाचता येत न्हाय हे मला माहीत आहे. तू त्यांना हे पत्र मोठ्यानं वाचून दाखव, वडगावच्या आवाजात. मात्र ज्याच्या दोन्ही बाजूला वाकडी रेघ आहे ते तुझ्यासाठी आहे, ते सोडून वाच. आणि आरोही वाचायला शिकायच्या आत पत्र फाडून टाक.

ता. क. दुसरं. खरं काम हे. आप्पांचे दोन माग गणपतीपासनं बंद आहेत, मला सांगत न्हाईत, पण फोनवर त्यांचा आवाज हळू येतोय. तू त्यांच्याकडं एक साडी विणायला सांग, हिरवी, डाळिंबी काठाची. निपाणीचं गिऱ्हाईक आहे म्हण. मी देतोय असं कळलं तर पैसे घेणार न्हाईत. साडी झाली की मावशींना नेसव, भाव करू नको. दाजींच्या फोनवर टाकतोय, चौदाशे एक रुपये.