दोन तालमींच्या हद्दीवरचा टीव्हीच्या वायरीचा चर

प्रति,
मा. उपअभियंता (रस्ते),
प्रभाग कार्यालय,
कोल्हापूर.

विषय : पिंपळकट्ट्यावरील उघड्यावरच्या टीव्हीसाठी विजेची व चित्राची वायर रस्त्याखालून दोन वेगळ्या पाइपांतून नेण्यास आणि सध्या उघडा पडलेला चर बुजवण्यास रविवारच्या सामन्यापूर्वी परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : याच कामाचा आमचा मागील अर्ज, जो "एवढी काय घाई हाय?" या आपल्या तोंडी शेऱ्यासह परत आला.

महोदय,

मी खाली सही करणार विजयसिंह गणपतराव सरनोबत, सचिव, पिंपळकट्टा तालीम मंडळ, सविनय कळवितो की, घाई काय होती हे आता आपणांस सरकारी दवाखान्यात जाऊन पाहता येईल. माझा जावई सम्राट तिथे डोक्याला पट्ट्या गुंडाळून पडला आहे. माझा मुलगा राजवीर पलीकडच्या वॉर्डात असून त्याच्या दोन्ही तळहातांची कातडी जळून गेली आहे. दोघेही एकाच वायरीपायी तिथे गेले. ते कसे, हे क्रमाने मांडतो.

१. आमच्या कट्ट्यावर लोखंडी पेटीत मोठा टीव्ही आहे. वीज आणि चित्र दोन्ही रस्त्यापलीकडच्या हुसेन यांच्या वेल्डिंगच्या दुकानातून येते, कारण मीटर तिथे आहे, आणि सेट-टॉप बॉक्स कट्ट्यावर ठेवला तर तो कट्ट्यावर राहत नाही. पूर्वी वायर डोक्यावरून जात होती. गेल्या हंगामात शेजारच्या झुंजार चौक तालमीने आपला फुटबॉल संघ जिंकल्याची मिरवणूक काढली आणि ट्रॉलीवरून बांबू घालून आमची वायर ओढून तोडली. त्यावर आमच्या पोरांनी ती ट्रॉली माणसांसकट उलटी केली. हे समर्थन म्हणून नव्हे, माहितीसाठी लिहितो. बरेच दात रस्त्यावर पडले आणि दोन्ही तालमींच्या प्रेक्षकांना मैदानात बंदी झाली. म्हणजे सामना पाहायचा तर टीव्हीवरच, आणि टीव्ही टिकवायचा तर वायर जमिनीखालूनच.

२. परवानगी मिळेना, तेव्हा आम्ही नारळ फोडून स्वतःच रस्ता खोदला. हा गुन्हा मान्य आहे. हुसेन यांचा पुतण्या तोहिद वायरिंगची कामे करतो. त्याने आधीच सांगितले होते की विजेची आणि चित्राची वायर एका पाइपात घालू नका, मध्ये हातभर अंतर सोडून दोन पाइप टाका, नाहीतर कट्ट्यावरची पाण्याची मोटर सुरू झाली की चित्र जाईल. अडचण हद्दीची होती. रस्त्यातल्या गटारीच्या चेंबरापर्यंत आमची हद्द, पुढे झुंजार चौकाची. ही हद्द आपल्या नकाशावर नाही, परंतु पेठेतल्या कुत्र्यालाही ती पाठ आहे. आमचा चर चेंबराला घासूनच जात होता. दुसरा पाइप हातभर सरकवला की तो त्यांच्यात जाणार आणि आम्हाला त्यांच्या दारात विचारायला जावे लागणार. सभेत आमच्या आदर्शने मांडीवर थाप मारून सांगितले, "त्यांच्या दारात जाण्यापरीस टीव्हीच फोडू की!" टाळ्या पडल्या, आणि दोन्ही वायरी एकाच पाइपात कोंबायचा ठराव झाला.

माझी मुलगी मोना त्याच झुंजार चौकात दिलेली आहे. सम्राट तिचा नवरा. त्याला एक फोन केला असता तरी काम झाले असते. पण तालमीच्या कामात सोयरीक आणायची नाही, ही आमच्याकडची पद्धत.

३. गेल्या रविवारी अंतिम सामना आमचा आणि त्यांचाच होता. बरोबरी झाली, पेनल्टीची वेळ आली. तेवढ्यात नळाला पाणी आले आणि माझ्या पत्नी शालूबाई यांनी नेहमीप्रमाणे कट्ट्यावरची मोटर लावली. मोटर त्याच वायरीवर. पडद्यावर रेघा उठल्या आणि चित्र गेले. मोटर कुणाच्याच ध्यानात आली नाही. "वायर तोडली रं त्यांनी!" असा एकच गलका झाला. पलीकडे झुंजारची पोरे गोल झाला म्हणून त्यांच्या कट्ट्यावर नाचत होती, त्यामुळे आणखी पुराव्याची कुणाला गरज वाटली नाही.

४. आधी खुर्च्या गेल्या, मग फरशीचे तुकडे. झुंजारच्या एका पोराचा कान लोंबत होता आणि तो तसाच मारत होता. आदर्शच्या तोंडावर सायकलची चेन बसली, त्याचा ओठ दुभंगला. आमचे म्हातारे वस्ताद गुंडू सोडवायला मध्ये पडले, त्यांना दोन्ही बाजूंनी बदडले. या धुमश्चक्रीत राजवीर पहार घेऊन चरात उतरला, वायर कुठे तोडली ते शोधायला. वायर कुणीच तोडली नव्हती. ती त्याने तोडली. पहार पाइप फोडून आत घुसली आणि पोरगा पहारीला चिकटला. तोंडातून शब्द नाही, नुसते अंग उडत होते.

हे एकट्या सम्राटने ओळखले. त्याने दुकानापुढची लाकडी फळी उचलली, चरात उडी टाकली आणि पहार सुटावी म्हणून तो राजवीरच्या हातांवर फळी घालू लागला. लांबून पाहणाऱ्याला मात्र जावई मेव्हण्याला मारतो आहे, एवढेच दिसत होते. शालूबाईंनाही तेवढेच दिसले. त्या हातातली पितळी कळशी घेऊन धावल्या आणि ती जावयाच्या डोक्यात घातली. तो गुडघ्यांवर आला. पुन्हा घातली. डोळ्यांत रक्त उतरले तरी त्याने फळी सोडली नाही. राजवीर सुटून बाजूला पडला, त्यानंतरच तो आडवा झाला. अधिक महिन्यात ज्या कळशीने आम्ही त्याचे पाय धुतले, त्याच कळशीने त्याचे डोके फोडले. साहेब, याची लाज मला मरेपर्यंत पुरेल.

५. शुद्धीवर आल्यावर सम्राटने पहिल्यांदा विचारले, "मेव्हणा हाय न्हवं?" मग मला म्हणाला, "मामा, दुसरा पाइप आमच्या हद्दीतनं घ्या की. इचारायचं काय त्यात?" मला तिथे उभे राहवेना. शालूबाई रोज दवाखान्यात जातात आणि मोना त्यांना वॉर्डाच्या दारातूनच परत पाठवते. "तू आत यायचं न्हाय," एवढेच म्हणते.

६. चर तसाच उघडा आहे. हुसेन यांनी फ्यूज काढून ठेवला आहे. आम्ही बुजवायला गेलो की झुंजारवाले काठ्या उगारतात, "आमच्या हद्दीत माती पडाय न्हाय पायजे." ते आले की आमची पोरे उगारतात. जो माघार घेईल तो मेला, असे दोन्हीकडचे म्हणणे. मारामारीमुळे अर्धवट थांबलेल्या सामन्याचा रविवारी फेरसामना आहे. डोक्याला डोके घेणार, असे झुंजारवाले उघड बोलतात. खुद्द सम्राटने हात जोडले तरी ऐकत नाहीत. आमच्याकडे कोयत्यांना धार लागते आहे, तो आवाज मला घरात ऐकू येतो. दोन्ही तालमींचे एकाच गोष्टीवर एकमत आहे: सरकारी कागद आला तर चर बुजू द्यायचा, कारण मग माघार कुणाचीच होत नाही. तेव्हा आपली एक सही अडली आहे आणि तिच्यापायी पोरे मरणार आहेत, हे मी स्पष्ट लिहून देतो.

७. आज सकाळपासून शालूबाई चरात उतरून बसल्या आहेत. "कुणाचं डोकं फोडायचं आसंल तर आधी माझं फोडा," असे दोन्ही काठांवरच्या पोरांना सांगतात. पोरे काठ्या घेऊन उभी आहेत आणि कुणाला काय करावे ते सुचत नाही. मी हात जोडून पाहिले, ओरडून पाहिले, त्या माझ्याकडे बघतही नाहीत.

तरी परवानगीच्या कागदावरच त्यांना बाहेर येण्याचा लेखी आदेश द्यावा, ही विनंती करून मी चराच्या काठावरच अर्ज संपवणार होतो. एवढ्यात मोना दवाखान्यातून आली. आईला हात देऊन वर काढेल असे वाटले. ती खाली उतरली आणि आईच्या शेजारी मातीत बसली. तरी आदेशात नावे दोन घालावीत, आणि तो आजच द्यावा.

कार्यालयाच्या दारात उत्तरासाठी थांबलेला,
आपला नम्र,

(सही)
विजयसिंह गणपतराव सरनोबत
सचिव, पिंपळकट्टा तालीम मंडळ, कोल्हापूर
दि. ६ मार्च २०२५