साहेबांची गाडी आणि माझी पैज

११ मार्च, मंगळवार

साहेब पुन्हा बसले! भर चौकात, तेही सिग्नल हिरवा झाल्यावर. लाल असताना बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. मागचा टेम्पोवाला हॉर्नवरून हात काढेना. काच खाली करून म्हटलं, "भाऊ, तुम्ही या ढकलायला, हॉर्न मी वाजवते." बिचारा आला.

काळी, लांबलचक, ऐटबाज गाडी. कंपनीच्या बड्या साहेबांनी नवी घेतली आणि त्यांची उतरलेली ह्यांनी घेतली. साहेबांचे ड्रायव्हर म्हणून जन्मभर तीच तर चालवली होती. म्हणून मी तिला साहेब म्हणते — तोरा मोठा, काम शून्य.

१२ मार्च

लेकाचा फोन. गाडी बंद पडल्याचं समोरच्या मास्तरीणबाईंनी त्याला कळवलं. तोंडात तीळ भिजत नाही बाईच्या.

"आई, विक ते डबडं. आणि आमच्याकडे ये. कायमची."

"का रे, तुमच्याकडे ढकलायला माणसं कमी पडली?"

हसला नाही. हल्ली हसतच नाही. "मुद्द्यावर ये," म्हणाला.

आले मुद्द्यावर. नातीच्या वाढदिवसाला मी गाडी चालवत तुझ्या दारात येते, म्हटलं. वाटेत एकदा जरी बसली तर गाडी भंगारात, घराला कुलूप, मी तुझ्याकडे. नाही बसली तर हा विषय जन्मात काढायचा नाही.

"कबूल." फार पटकन म्हणाला.

म्हटलं खरं. पण हे घर सुटलं तर मी भांडू कुणाशी? सुनेशी भांडायला मजा येत नाही, ती लगेच सॉरी म्हणते.

१५ मार्च

गॅरेजवाल्याकडे. त्याने बॉनेट उघडलं आणि कंबरेवर हात ठेवून उभा राहिला.

"काकू, काय बिघडलंय ते विचारू नका. काय बिघडलं नाही ते विचारा."

"बरं, काय बिघडलं नाही?"

बराच वेळ बघत होता. "आरसा चांगलाय."

तर दुखणी अशी. चढावर तापते, तापली की बसते, थंड झाली की जशी काही आपण त्या गावचीच नाही. डावीकडे वळवली की हॉर्न आपोआप वाजतो. मागचं डावं दार आतून उघडत नाही. ते साहेबांच्या काळापासूनच बिघडलेलं असणार, पण कळणार कसं? साहेब कधी स्वतः दार उघडून उतरलेत!

१६ मार्च

ह्यांनी मला पुढच्या सीटवर कधी बसवलं नाही. मागे कुणी बसल्याशिवाय ह्यांना गाडी चालवता यायचीच नाही, हात जड व्हायचे म्हणे. त्यामुळे बाजाराला निघालो तरी मी मागे, मांडीवर भाजीची पिशवी. घरी आलं की हे उतरून दार उघडायचे. गल्लीला वाटायचं, दोघांचं वाजलंय. मी आपली साहेबीण होऊन उतरायची.

हे गेल्यावर गॅरेजवाल्याने मला गाडी शिकवायचं कबूल केलं. पहिल्या दिवशी तो पुढे, शेजारच्या सीटवर बसला. मी सवयीने मागे. बसलोय आपले. मी म्हणते, हा निघत का नाही? तो म्हणतो, काकू निघत का नाहीत?

२० मार्च

सराव म्हणून मास्तरीणबाईंना बाजारात नेलं. मागे, डाव्या बाजूला बसवलं. बाजारात गाडी लावली, उतरले, भाजी घेतली, ओळखीच्या दोघींशी गप्पा मारल्या. परत आले तर बाई आतून काच बडवतायत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"अहो, विसरलात की काय मला?"

"विसरलेच बघा. हेही माझ्या लेकाला कळवा."

 घरी उतरताना हळूच म्हणाल्या, "तुम्ही गेलात तर मी कुणावर चिडू?"

२२ मार्च

उद्या. गाडीत पाणी भरलं, डिकीत पाण्याचे कॅन भरून ठेवले. माझ्याच तोंडचं पाणी पळालंय.

२३ मार्च, रविवार

पोहोचले! एकदाही न बसता!

मोठ्या चढावर तापमानाचा काटा सरसर वर निघाला. गॅरेजवाल्याने सांगून ठेवलं होतं, काटा चढला की हीटर सोडायचा, इंजिनाची उष्णता आत येते. सोडला. इंजिन निवलं, मी उकडले. पदराने घाम पुसत साहेबांना जे काही बोलले ते इथे लिहीत नाही.

लेकाच्या गल्लीत डावं वळण. हॉर्न बोंबलला, सगळी बिल्डिंग गॅलरीत. लेक खाली आला.

"दार उघड रे. साहेब आलेत."

त्याने बॉनेटवर हात ठेवून पाहिला. "जिंकलीस," म्हणाला. चेहरा पडलेला. मला वाटलं, हरल्याचा चेहरा. मी सगळ्या बिल्डिंगला चढाची गोष्ट दोनदा सांगितली.

संध्याकाळी केक कापून झाला तर सून हातात बॅग घेऊन उभी. म्हटलं, ही कुठे निघाली? तिची बढती झालीय. दुसऱ्या शहरात. केव्हापासून? "झाले काही महिने," लेक भिंतीकडे बघत म्हणाला. सून सुट्टीला येते, सुट्टी संपली की जाते.

"मला का नाही सांगितलं?"

"तू चेष्टा केली असतीस."

केली असती. छान केली असती.

सून पाया पडून म्हणाली, "आई, जिंकलात ते बरं झालं." आणि चपला घालायला खाली वाकली ती बराच वेळ वाकूनच.

२४ मार्च

शाळा सुटल्यावर नात वॉचमनच्या खुर्चीत बसून बापाची वाट बघते. रोज. वॉचमन स्वतः उभा राहतो. आज मी होते तर आधी त्या खुर्चीकडेच गेली, मग आठवण झाल्यावर धावत वर आली. तिच्या दोन वेण्या दोन दिशांना. बापाने घातलेल्या. "बाबांना डावी वेणी जमत नाही," म्हणाली. मी हसले नाही.

रात्री लेक म्हणाला, "उद्या ऊन चढायच्या आत निघ. गाडी तापायला नको."

राहा म्हणाला नाही. विषय काढायचा नाही, असं मीच ठरवून घेतलं होतं ना. आणि मी तरी कुठल्या तोंडाने म्हणू? सगळ्या बिल्डिंगसमोर डंका पिटून बसलेय.

पिशवी भरली. झोप येत नाही.

२५ मार्च

सकाळी खाली गेले. गाडीत बसले. किल्ली हातातच धरून ठेवली. थोड्या वेळाने वर आले आणि म्हटलं, "नाही होत बाबा चालू. माझ्या गॅरेजवाल्याला सवड होईल तेव्हा येईल तो."

लेकाने माझी पिशवी उचलून आतल्या खोलीत नेली. मी एकदा किल्ली फिरवून बघतो, असं काही तो म्हणाला नाही.