गच्चीवरच्या उन्हाची वाटणी

मी, खाली सही करणारी, वय त्रेपन्न, दर रविवारी वर्तमानपत्रातून लोकांना टोचून पोट भरणारी, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहिते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत आहे. त्याबाबत माझी तक्रार कायमची नोंदवून ठेवावी: "आज महिना कोणता?" असं डॉक्टरांनी मला विचारलं, तेव्हा त्यांच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागच्या महिन्यावर अडकलं होतं. परीक्षा मात्र माझी!

१. घर माझ्या स्वकष्टाचं आहे. तळमजला धाकट्या भावाला. अक्काचं, म्हणजे थोरल्या बहिणीचं, शिवणकाम चालतं तो पहिला मजला आणि सौर पॅनल, बॅटरीसकट गच्ची अक्काला. गच्चीवर मजला चढवण्याचा हक्क कोणालाही नाही. भाऊ म्हणतो, "ताई, गच्ची बांधायला असते, ऊन पिकवायला नव्हे." वरच्या मजल्याचा त्याने करवून घेतलेला नकाशा त्यालाच देते. भिंतीला शोभेल.

२. कारणही लिहिते, म्हणजे पुढे कोणी भोळेपणाचा आव आणू नये. रोज दुपारी वीज जायची, अक्काची यंत्रं थंड पडायची, कामाच्या बायका अर्ध्या रोजावर घरी जायच्या. तिचा तो छोटा कारखाना मोडीत निघाला होता. पॅनल लावावे, तर नगरपालिकेची परवानगी. बांधकाम खातं म्हणे, आधी विजेची सही आणा. वीज खातं म्हणे, आधी अग्निशमनची. अग्निशमन म्हणे, आधी बांधकामची.

शेवटी मी तिन्ही साहेबांना एकाच वेळी पाहणीला बोलावलं. तिघे शिडीने गच्चीवर चढले, आणि तिथेही "आधी तुम्ही", "छे, आधी तुम्ही" सुरू. अक्काने खालून शिडीच काढून घेतली.

"अहो बाई, शिडी!"

"सह्या झाल्या की लावते. तोवर ऊन पुरेसं पडतं का, तेही तपासून होईल."

माझा चहा निवायच्या आत तिन्ही सह्या झाल्या. नगरपालिकेच्या पुढच्याच सभेत ठराव आला: एक अर्ज, एक पाहणी, तिघांनी एकत्र यायचं. लोक या पद्धतीला 'शिडीची परवानगी' म्हणतात. आज गल्लीतली निम्मी छपरं चमकतात, अक्काकडे यंत्रं वाढली, आणि बांधकामवाल्या साहेबांनी स्वतःच्या घरासाठी अर्ज करताना म्हणे हळूच विचारलं, "शिडी कोण धरणार?"

३. माझी पेनं भाचीला. जीभ तयार आहे, हातही होईल. मला शिव्या देणारी वाचकांची पत्रं वाचनालयाला. कौतुकाची पत्रं फारशी जागा अडवत नाहीत.

४. साक्षीदार म्हणून शेजारचे चित्रकलेचे मास्तर सहीला बसले होते. मी पेन काढून घेतलं.

"ज्याला काही मिळतं, त्याने साक्ष द्यायची नसते, मास्तर."

"मला? मला काय मिळतंय?"

आमच्या पॅनलवर सावली पडते म्हणून मास्तरांनी आपल्या झाडाची मोठी फांदी न सांगता उतरवली. तिच्याच सावलीत ते दुपारी चित्रं काढत. आता ओसरीत घामाघूम होऊन बसतात, पण चकार शब्द काढत नाहीत. म्हणून त्यांच्या ओसरीत आमच्या विजेवर चालणारा पंखा, ते हयात असेपर्यंत. हे कलम माझ्या मरणाची वाट पाहणार नाही. मास्तर इथे बसलेले असताना, मास्तरीणबाईंना विचारून, वायरमन तिकडे जोडणी करून आला आहे.

साक्षीदार: १. डॉक्टर (सही) २. वायरमन (सही)

मृत्युपत्र करणारी: (सही)

स्थळ: अक्काचं कापड बेतायचं टेबल
दिनांक: ९ एप्रिल, भर दुपारी